दोष कोणाच्या पदरी?

अफगाणिस्तानची राजधानी काबूल येथील एक हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती ऐकवत नाही, तरी ऐकली पाहिजे.

एप्रिल १९९२ मध्ये नजीबुल्ला यांचे सरकार पडले आणि शहराच्या ताब्यासाठी मुजाहिदीनांचे गट आपापसांत लढू लागले. तोफगोळ्यांनी वस्त्या जमीनदोस्त झाल्या, हजारो माणसे मेली. पुढे २७ सप्टेंबर १९९६ रोजी तालिबानने काबूल घेतले व स्त्रियांना घराबाहेर नोकरी करण्यास मनाई केली. शहरात युद्धाने विधवा झालेल्या स्त्रिया हजारोंनी होत्या. त्यांच्या घरी मिळवते कोण उरले? बहुधा एखादे लहान पोर. कोणी बूट पुसले, कोणी भंगार वेचले. काही मुले कबरस्तानात जाऊन माणसांची हाडे उकरीत, ती जनावरांच्या हाडांत मिसळीत व व्यापाऱ्याच्या तराजूत घालीत, असे त्या काळच्या बातमीदारांनी लिहून ठेवले आहे. तो माल पाकिस्तानात जाई. मिळालेल्या पैशांत घरी रोटी येई.

या मुलांनी पाप केले काय?

ती अजाण होती, असे म्हणून सुटता येत नाही. मृताला स्नान घालून, कफनात गुंडाळून आदराने मातीत ठेवतात, हे पाहतच ती वाढली होती. परंतु भुकेने अगतिक झालेल्याला निषिद्ध अन्नाचा दोष लागत नाही, असे त्यांचे कुराणच सांगते. भुकेल्या दावीदाने केवळ याजकांसाठी असलेली समर्पित भाकर खाल्ली, आणि प्रभूने परूश्यांना त्याच प्रसंगाची आठवण दिली. मुलांना दोषमुक्त करावयास एवढे पुरे आहे.

तथापि हिशेब येथे मिटत नाही. मुलाच्या पदरी नसलेला दोष नाहीसा होत नाही; तो कोणाच्या तरी पदरी पडतोच. वस्तीवर तोफ डागणारा, विधवेची रोजी बंद करणारा, हाड कोणाचे हे ओळखूनही तराजू उचलणारा, या सर्वांचा त्यात वाटा आहे. १९८० च्या दशकात त्या देशात शस्त्रे ओतून नंतर पाठ फिरवणारी राष्ट्रेही त्यातून सुटत नाहीत.

शिवाय निर्दोष मूल सुखरूप असतेच असे नाही. ज्याने कवटी हातात धरली, त्याला ‘तुझी चूक नाही’ एवढे सांगून भागत नाही. त्या कामातून त्याची सुटका करणे, हाच त्याचा न्याय.

शब्बाथशाळेत घराला हातभार लावणाऱ्या मुलांच्या गोष्टी आवडीने सांगितल्या जातात. त्या जरूर सांगाव्यात; पण मुलाचे कौतुक करून थांबू नये. कौतुकाला काही खर्च येत नाही, आणि त्याच्या आड मोठ्यांचा अपराध सहज लपतो. एवढ्याशा खांद्यावर एवढा भार कोणी ठेवला, हे वर्गातील एखादे मूल आपण होऊनच विचारील. त्याला गप्प करू नये.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा काबूलात आले, आणि स्त्रियांच्या रोजगारावर पुन्हा बंधने आली. १९९६ साली दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या घरांतही आता दहा वर्षांची मुले असतील.