दुसऱ्यांवर होणारा परिणाम

वृत्तवाहिन्यांनी लोकांची मने बिघडविली, हे वाक्य हल्ली आपल्या मंडळींच्या कोणत्याही बैठकीत ऐकू येते. ते उच्चारणारा मात्र स्वतःला त्या 'लोकां'त कधी धरीत नाही. डेव्हिसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये नेमक्या याच वृत्तीवर निबंध लिहिला. माध्यमांचा प्रभाव आपल्यापेक्षा इतरांवर अधिक पडतो, असे माणसे गृहीत धरतात, हे त्याचे म्हणणे. या गृहीतकात शेजाऱ्याच्या बुद्धीविषयीची तुच्छता दडलेली आहे, असे आम्हांस वाटते.

शेजारी इतका भोळा नसतो. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी 'इंडिया शायनिंग'चा गजर दूरचित्रवाणीवर कित्येक महिने चालला होता. वाहिन्यांचे बहुतेक अंदाजही सत्तारूढ आघाडीलाच पुढे दाखवीत होते. १३ मे रोजी मतमोजणी झाली, तेव्हा काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. त्याआधी, २००३ च्या विधानसभा निवडणुकीत, शासकीय कामानिमित्त आम्ही माळव्यातील खेड्यापाड्यांतून हिंडलो होतो. तेथे वीज, रस्ता आणि पाणी यांखेरीज दुसरा विषय नव्हता. रात्री घरात दिवा लागतो की नाही, हे कळण्यास निवेदकाची गरज कोणास होती?

जेथे स्वतःचा अनुभव नाही, तेथे मात्र वाहिनीचे राज्य निर्वेध चालते; आणि तेथे खेडूत व पदवीधर यांत भेद उरत नाही. किंबहुना दिवाणखान्यात बसून सारा देश पाहणारे आपल्यासारखे सेवानिवृत्तच तिच्या अधिक अधीन. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याचा मृत्यू झाला. त्या सप्टेंबरात देशात कित्येक दिवशी नव्वद हजारांवर नवे करोनारुग्ण आढळत होते. वाहिन्यांवर मात्र रात्रंदिवस त्या अभिनेत्याच्या मैत्रिणीचा खटला चालला होता. अशा समांतर खटल्यांमुळे न्यायदानात अडथळा येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. परंतु तोवर सुशिक्षित घरांतून, जेवणाच्या पंगतीतच, त्या मुलीचा अपराध सिद्ध झालेला होता. तिला पाहिलेले कोणी नव्हते, कागदपत्र वाचलेले कोणी नव्हते. नोकरीत असताना पुराव्यावाचून साध्या शिपायावरही ठपका न ठेवणारे गृहस्थ त्यात होते.

मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. त्या पंगतींत त्याविषयी कोणी अवाक्षर काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.