सोसलेल्या दुःखाचा उपयोग

दुःख सोसल्यानें मनुष्य मृदु होतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अनुभव पाहूं जातां हें नेहमींच खरें ठरत नाहीं. जिनें सासुरवास भोगिला, तीच पुढें सुनेस म्हणते, "आम्हीं नाहीं का सोसलें?" ज्यानें सावकाराच्या दारीं जोडे झिजविले, तो चार पैसे गांठीं येतांच आपल्या ऋणकोस अधिकच पीडितो. ज्यास पाणवठ्यावरून हांकलून दिलें, तोही आपल्याहून हलका कोणी सांपडतो काय, हें पाहूं लागतो. दुःख नांगराप्रमाणें अंतःकरणाची भुई उकरितें. तींत दया पेरावी कीं डूख, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

मोशेच्या नियमशास्त्रांत परक्यास जाचूं नये अशी आज्ञा आहे, व तिचें कारणही तेथेंच सांगितलें आहे. इस्राएल लोक स्वतः मिसर देशांत परके होते. परक्याच्या जिवास काय वाटतें, हें त्यांस ठाऊक होतें. म्हणजे मागील दुःख आठवावयाचें तें गाऱ्हाणें करण्यासाठीं नव्हे, तर दुसऱ्याचें दुःख ओळखण्यासाठीं.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांचे आईबाप दुष्काळांत उपासमारीनें वारले. थोरली बहीणही मागोमाग गेली. ह्या आघातांनीं त्यांचें मन कठीण झालें असतें, तर कोणी नवल केलें नसतें. परंतु १८९६–९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या घरीं बसून हळहळल्या नाहींत. त्या स्वतः तेथें गेल्या, अन्नावांचून हिंडणाऱ्या मुली व विधवा त्यांनीं बरोबर आणिल्या, आणि पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें त्यांस आश्रय दिला. तेथें त्यांस अन्न तर मिळालेंच. शिवाय लिहिणें-वाचणें, विणकाम, शेतकाम, छापखान्याचें काम हेंही शिकावयास मिळालें. भुकेल्यास भाकरीबरोबर मानही हवा असतो.

येथें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. आपलें दुःख आठवतां आठवतां आपण दुसऱ्याचें ऐकण्यास विसरतों. आजाऱ्याच्या खाटेशीं बसून आपल्याच जुन्या दुखण्याची कथा सांगतों. मूल गेलेल्या आईस "असें सर्वांच्याच घरीं होतें" म्हणून गप्प करितों. हें सांत्वन नव्हे. प्रत्येकाचें दुःख निराळें असतें, म्हणून आधीं विचारावें, मग ऐकावें, आणि बोलणें शेवटीं. द्यावयाचें असेल तें चारचौघांत देऊं नये. घेणाऱ्याची मान खालीं जाते.

वाचकहो, दया एका दिवसांत अंगीं येत नाहीं. रोज थोडथोडी वापरली तरच ती वाढते. तेव्हां ह्या आठवड्यांत आपण प्रत्येकानें मनास एवढेंच विचारावें: जें आम्हीं सोसलें, तें आमच्या हातून आज कोण सोसीत आहे? उत्तरादाखल एखादें नांव मनांत येईल. त्याच मनुष्याच्या दारापासून आरंभ करावा.