थांबण्याचा धर्म

फिरस्त्या भिक्षूने एका जागी मुक्काम केला, तर त्याचं व्रत मोडतं का? घोरावाडी स्टेशनजवळच्या डोंगरातली बौद्ध लेणी याचं उत्तर देतात. पावसात चालणारे भिक्षू हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. त्यावरून बुद्धांनी तीन महिन्यांचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एका जागी मुक्काम, घालून दिला. म्हणजे थांबण्याचं मूळ आरामात नाही, अहिंसेत आहे. कोणी म्हणेल, कातळात कोरलेली खोली, पाण्याची पोढी म्हणजे टाकं, ही आसक्तीच. पण ही लेणी दानातून उभी राहिली. इथल्या एका शिलालेखात धेनुकाकट इथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोचं दान नोंदलेलं आहे. खोली संघाची, भिक्षू तिथला पाहुणा. जीव जपण्यासाठी थांबणं आजही दिसतं: कोकणातल्या यांत्रिक नौकाही १ जून ते ३१ जुलै बंदरात थांबतात, माशांची वीण व्हावी म्हणून. ते कायद्याने होतं, हे खरं. पण वर्षावासही नियमानेच आला. म्हणून तो मला व्रतातला खंड वाटत नाही. तो व्रताचाच भाग आहे.