जीर्णोद्धार

देवळाच्या दर्शनी फलकावर कोरलेला 'जीर्णोद्धार' हा शब्द आपण सारेच वाचतो आणि सभामंडपाकडे वळतो. मीही वर्षानुवर्षे तसाच वळत आलो, पण तो शब्द मात्र माझ्या मागोमाग घरी येत राहिला, आणि घरातल्या जुन्या संगणकाची कार्यप्रणाली काढून नवी बसवण्याची वेळ आली तेव्हा त्याचा एक पदर हाती लागला, तो सज्जनहो, आपल्यापुढे ठेवतो.

जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाचा उद्धार, असा समास आपण सोडवतो आणि मोडकळीला आलेले पुन्हा उभे करणे एवढाच अर्थ घेतो. परंतु 'उद्धार' म्हणजे मुळात वर उचलून घेणे, बाहेर काढणे. ग्रंथातले वचन आपण 'उद्धृत' करतो ते याच अर्थाने. तेव्हा जीर्णाचा उद्धार तर खराच, पण त्याआधी जीर्णातून उद्धार. आपले शास्त्रही हाच क्रम सांगते: शिखराला हात लावण्यापूर्वी मूर्तीतले देवत्व मंत्रपूर्वक जलपूर्ण कलशात घ्यावे, तो कलश बालालयात, म्हणजे तात्पुरत्या लहान देवळात, ठेवावा, तिथे नित्यपूजा अखंड चालावी, आणि मगच पाथरवटाने छिन्नी उचलावी.

माझ्या संगणकावर विंडोज १० होते. त्याचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ज्या टीपीएम २.० या सुरक्षा-घटकाची अट घालते तो अनेक जुन्या यंत्रांत नाही, माझ्याही यंत्रात नव्हता. यंत्र धडधाकट, वस्त्र तेवढे विरलेले. म्हणून लिनक्स मिंट घालायचे ठरले. अशा वेळी 'फॉरमॅट मारून टाकू' असे कोणी सहज म्हणते, तेव्हा माझ्या काळजात धस्स होते, कारण त्या वाक्यात छिन्नी आहे, कलश नाही. 'सी ड्राइव्ह जाईल, डी तर राहील' हा दिलासाही अपुरा आहे: डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये आपण जे ठेवतो ते सहसा सीमध्येच असते, आणि सी व डी या बहुधा एकाच डिस्कच्या, मध्ये पडदा लावून केलेल्या दोन खोल्या असतात, छत कोसळले तर दोन्हींवर कोसळेल. उद्धार करायचा तर दुसऱ्या देहात करावा, वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि शक्य तर आणखी एक प्रत दुसऱ्या घरी. उचललेली फाइल तिथे उघडूनही पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे कलशात पाणी आहे की नाही हे न पाहता मांडलेली पूजा.

आता 'जीर्ण' या पदाकडे वळू. झिजलेले ते जीर्ण, तसेच पचलेले तेही जीर्ण, म्हणून न पचलेल्याला आपण अजीर्ण म्हणतो. जुन्या संगणकात एकच छायाचित्र सात ठिकाणी सापडते, ते अजीर्णच. तरीही प्रणाली बदलण्याच्या घाईत निवडानिवड करू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी सगळे उचलावे, पाखडणे मागाहून शांतपणे करावे. कारण देव कोणता आणि भिंत कोणती, हे वरवर कळत नाही. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी कधीकाळी श्रीलिपीत टंकून ठेवल्या होत्या. ती फाइल तर मी उचललीच. पण युनिकोडच्या आधीच्या त्या पद्धतीत मराठी अक्षराची ओळख फाइलमध्ये नसते, फॉन्टमध्ये असते, आणि फॉन्ट असतो विंडोजच्या फोल्डरात, म्हणजे जी भिंत पाडायची तिच्याच आत. भिंतीतला तो चिरा आठवणीने काढून घेतला.

मग बूटेबल पेनड्राइव्ह लावला. मिंटची सोय अशी की डिस्कला स्पर्श न करता ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. पडदा, कळफलक, वाय-फाय सारे नीट चालते आहे याची खात्री केली, बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवली, म्हणजे पुसण्यासाठी चुकूनही तिची निवड होऊ नये, आणि मगच पुढचे बटण दाबले.

संध्याकाळी नव्या देवळात आईची फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा पडला होता. जपून ठेवलेला फॉन्ट बसवला, फाइल बंद करून पुन्हा उघडली, आणि पहिल्या ओवीतला विठ्ठल वेलांटीसह उभा राहिला.