दोराचं दुसरं टोक

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये पत्ता विचारा, अजूनही बॅरेकचा नंबर सांगतात. मूळ बराकीवर केव्हाच मजले चढलेत, खाली जीन्सचे गठ्ठे टेम्पोत भरले जाताहेत. नंबर तेवढा टिकलाय. आज त्या नंबरापाशी जरा थांबा. घाई नको.

दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी कुटुंबं उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वस्तीची कोनशिला बसवली. शिपाई गेले, निर्वासित आले, असं आपण एका दमात म्हणून टाकतो. पण महायुद्धातून सुटलेले काही शिपाई लगेच काश्मीरच्या युद्धात गेले. त्यातला एक डोळ्यांपुढे आणा. तो याच छावणीत राहिला असावा, असा आग्रह नको.

रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात आराकान आघाडीवर लढले. सॅपरचं, म्हणजे लष्करी अभियंत्याचं, काम म्हणजे रस्ता करणं, नाहीतर माघार घेताना मागचं सगळं उडवून देणं. तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं. पुढे सरकार बदललं. हातातलं काम मात्र तेच राहिलं. त्यात अभिमान किती आणि निव्वळ सवय किती? लगेच उत्तर देऊ नका.

आता एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. सुरुंग पेरलेले, चिडाची झाडं आडवी पाडलेली, डोंगरावरून गोळीबार. ८ तारखेलाच उखळी तोफेच्या माऱ्यात राणे जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत. पुढे सरकत्या रणगाड्याखाली ते रांगत सुरुंग शोधत राहिले. वर चालकाला खूण करायला हाती दोर. दोराच्या ओढीवर थांबायचं, दोराच्या ओढीवरच निघायचं.

या माणसाच्या पाठीवर क्षणभर लक्ष ठेवा. वर लोखंड, खाली माती, मध्ये जेमतेम श्वासापुरती जागा. दोन्ही बाजूंना पट्टे फिरताहेत. मान वर करायची सोय नाही. ११ तारखेला चिंगसच्या पुढे त्यांनी सलग १७ तास काम केलं. दुसऱ्या दिवशी फौज राजौरीत पोहोचली. राणेंना परमवीर चक्र मिळालं, आणि ते जिवंतपणी.

आता सावकाश वर या, रणगाड्याच्या आत. पदकांच्या गोष्टींत इथे सहसा कुणी येत नाही. चालकाला खालचा माणूस दिसत नाही, इंजिनच्या घरघरीत आवाजही पोहोचत नाही. बाहेरून गोळ्या चिलखतावर आपटताहेत. अशा वेळी पाय आपोआप वेग वाढवायला बघणार. त्या पायाला धरून ठेवायचं, कारण दोर अजून हललेला नाही. हे धाडस की निव्वळ आज्ञापालन? मला तर हे खालच्या कामाइतकंच अवघड वाटतं. तुमचा पाय किती वेळ थांबला असता, तेवढं बघा.