कारीच्या जेध्यांनी काय सोडले

भोरहून निघून रायरेश्वराचे पठार चढणारा प्रत्येक तरुण तिथल्या महादेवापुढे क्षणभर थांबतो. इथे 1645 मध्ये शिवरायांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असे मानतात. इतिहासकारांत त्याबद्दल मतभेद आहेत, पण त्या जागेची ओढ खरी आहे. उतरताना मनात संकल्प उसळत असतो. चार दिवसांनी तो ओसरतो, आणि मग पोराला वाटते, आपल्यातच काही कमी आहे. मला तसे वाटत नाही. शपथ घेताना त्याने मिळवायचे काय ते ठरवले, सोडायचे काय ते ठरवलेच नाही. संकल्प अडतो तो इथे.

हे समजून घ्यायचे तर याच भोर तालुक्यातल्या कारी गावाकडे वळायला हवे.

कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्यातले, कारीचे देशमुख. शहाजीराजांच्या पदरी राहिलेले, वयाने आणि अनुभवाने शिवाजीराजांहून मोठे. 1659 मध्ये अफजलखान विजापुराहून निघाला आणि मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्माने सुटली: खानाला सामील व्हा. जेध्यांच्या नावचे फर्मान 16 जूनचे आहे. त्या काळी वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. गावातला मान, पिढ्यांचा हक्क, मुलाबाळांची भाकरी, सगळे त्यात आले. बादशहाला नाही म्हणायचे म्हणजे हे सगळे पणाला लावायचे. शेजारच्या उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. पाऊस तोच, माती तीच, देशमुखीही तशीच. दोघांनी राखायचे काय ते मात्र वेगवेगळे ठरवले.

कान्होजी पाचही मुलांना घेऊन राजांकडे आले. राजांनी त्यांना भरीला घातले नाही. उलट विचारले, वतनाचे काय कराल? जेधे करीना या घराण्याच्या जुन्या वृत्तांतातली हकीकत अशी की कान्होजींनी हातावर पाणी घेऊन तिथेच वतनावर सोडले. स्वराज्य तेव्हा लहान होते, राजे एकोणतीस वर्षांचे होते आणि खान चालून येत होता. यश दिसत नव्हते, किंमत तेवढी दिसत होती. तिच्याकडे पाहून दिलेला होकार म्हणून तो टिकला. नोव्हेंबरात प्रतापगडाखाली खान पडला, तेव्हा जावळीच्या रानात जेधे लढत होते.

या हकीकतीतली पुढची गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. कान्होजींचा शब्द मिळाल्यावर राजांनी सांगितले, घरची माणसे आधी तळेगाव ढमढेऱ्याला हलवा. म्हणजे हे सोडणे आततायीपणाचे नव्हते. आपल्या निश्चयाची झळ कोणाला लागणार आहे हे आधी ओळखून त्यांची सोय लावणे हाही त्या निश्चयाचाच भाग होता. आज प्रेरणेची भाषणे ऐकतो तेव्हा नेमका हाच भाग गाळलेला दिसतो.

आजच्या भोर-वेल्ह्यात स्वप्ने वेगळी आहेत. कोणाला पोलीस भरती, कोणाला स्पर्धा परीक्षा, कोणाला स्वतःचे दुकान. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते. ते धावणे भरतीच्या दिवशी नाही, त्याआधीच्या शेकडो पहाटांत होते. आणि आषाढ लागला की इथे भाताची लावणी येते. चिखलणी झालेली, रोपांच्या मुठी बांधावर पडलेल्या, पाऊस डोक्यावर, आणि वाफ्यात उतरायला घरचा एकेक हात हवा. त्याच वेळी पोरगी अभ्यासिकेत बसलेली असते. तिचे वाकणे कोणीतरी दुसरे वाकत असते, बहुधा आईच. मुलगी झोप सोडते, जत्रा सोडते, मैत्रिणीचे लग्न सोडते. आई आपल्या कमरेला विसावा देणे सोडते. ध्येय एकीच्या नावावर असते, किंमत दोघी मोजतात.

म्हणून ध्येय लहान असावे की मोठे, हा वाद मला दुय्यम वाटतो. काय सोडणार हे ज्याने ठरवले त्याला दुपारी सुस्ती आली तरी काय करायचे ते ठाऊक असते. ज्याने ठरवले नाही त्याला रोज नव्याने स्वतःशी भांडावे लागते, आणि त्या भांडणातच वर्ष जाते. किंमत परवडणारी नसेल तर आधीच कळलेले बरे. मग स्वप्न बदलण्यात कमीपणा नाही. घरात कर्ता माणूस एकच असेल, बहीण लग्नाची असेल, तर दोन वर्षांची मुदत चार वर्षांची करणे हेही शहाणपणच.

आंबवड्याला कान्होजींची समाधी आहे. रायरेश्वरला जाल तेव्हा तिथेही थांबा. घरी आल्यावर वहीच्या एका पानावर ध्येय लिहा, शेजारच्या पानावर काय सोडणार ते, आणि त्याखाली तुमच्यासोबत आणखी कोण काय सोडणार आहे त्यांची नावे. मग तयारीला लागण्यापूर्वी ते दुसरे पान त्या माणसांना वाचून दाखवा आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्या.