माझा आवाज जास्त होतोय का?

मागच्या अप्रेझलमध्ये मला सल्ला मिळाला, 'काम उत्तम आहे, पण व्हिजिबिलिटी वाढव.' मी बॅकएंडवाला. माझं काम नीट चाललं की कुणाला दिसत नाही. बंद पडलं की मात्र सगळ्यांना माझं नाव आठवतं. त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. दुसऱ्याचं काम उठून दिसावं म्हणून मागे राहणं हा सद्गुण आहे, की स्वतःवरचा अन्याय?

या प्रश्नाशी जेराल्ड मूर आयुष्यभर जगला. १८९९ साली इंग्लंडमधल्या वॉटफर्डला जन्मलेला हा पियानोवादक. कारकीर्द सगळी साथीची. गायक श्वास कुठे घेणार हे आधी ओळखायचं, त्याला झेपेल त्या पट्टीत अख्खं गाणं वाजवायचं, तो चुकला तर सावरून घ्यायचं, आणि यातलं काहीच श्रोत्यांना कळू द्यायचं नाही. १९६२च्या त्याच्या आत्मचरित्राचं नावच 'अ‍ॅम आय टू लाउड?', म्हणजे 'माझा आवाज जास्त होतोय का?'

वाटतं, किती नम्र माणूस! पण शूबर्टचं 'एर्लक्योनिग' ऐका. बाप आजारी मुलाला कवेत घेऊन रात्री घोडा पिटाळतोय. शब्द गायकाचे, पण टापा पियानोवाल्याच्या उजव्या हातात. तेच सूर वेगानं, जवळजवळ गाणंभर वाजत राहतात. इथे भिडेखातर हळू वाजवलं, तर घोडाच थांबेल. म्हणजे मूरचा प्रश्न 'मी किती लहान होऊ' असा नाहीच. 'आत्ता गाण्याला काय हवंय' असा आहे. कधी उत्तर 'कमी' असतं, कधी 'अजून जोरात'.

पण यात एक धोका आहे. पुढे उभ्या असलेल्याला मागच्याची नम्रता फार सोयीची असते. म्हणूनच मूरच्या १९४३च्या पुस्तकाच्या नावात साथीदाराला 'अनअशेम्ड' म्हटलंय, म्हणजे लाज न बाळगणारा. आज न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये या विषयाचा वेगळा विभाग आहे आणि त्याचं नाव 'कोलॅबोरेटिव्ह पियानो' आहे. साथीदार नव्हे, सहकलाकार. आवाज किती ठेवायचा हे वाजवणाऱ्यानं ठरवावं. त्याचं नाव किती बारीक छापायचं, हे त्याच्या नम्रतेवरून दुसऱ्यानं ठरवू नये.

२० फेब्रुवारी १९६७. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मूरचा निरोपाचा कार्यक्रम. फिशर-डिस्काऊ, श्वार्ट्झकोफ आणि व्हिक्टोरिया दे लॉस आंखेलेस हे तीन मोठे गायक त्याच्यासाठी गायला आले. शेवटी तो एकटाच पियानोवर बसला आणि शूबर्टचं 'आन डी मुझीक' वाजवलं. गाणं तेच, फक्त गायक नाही.

यंदा सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरताना मी माझं न दिसणारं काम न लाजता लिहिलं. मग लक्षात आलं, माझ्या प्रत्येक रिलीजआधी रात्री जागून टेस्टिंग करणारी एक सहकारी आहे. तिचं नाव मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. तिच्यासाठी गायक मीच होतो.

या वेळी लिहिलं.